नकाराला कारण हवे



सरकारी कचेरीत अर्ज नामंजूर झाला तर दोन गोष्टी मागून घ्याव्यात, असे जाणते वकील सांगतात. नकार लेखी घ्यावा आणि त्याचे कारण लिहून घ्यावे. तोंडी नकाराशी भांडता येत नाही, लेखी कारणाशी भांडता येते. समलिंगी जोडप्यांनी गेल्या पन्नासएक वर्षांत विवाहाच्या परवान्यासाठी जे खटले लढवले, त्यांचा इतिहास मी याच अंगाने वाचतो. हा विषय निघाला की ‘विवाह म्हणजे काय’ हा प्रश्न लगेच पुढे येतो. मग धर्म, परंपरा, निसर्ग असा वाद पसरत जातो आणि कुठेच पोचत नाही. न्यायालयापुढचा प्रश्न त्याहून पुष्कळ नेमका होता. शासन एक सार्वजनिक कागद काही नागरिकांना देते आणि काहींना देत नाही. न देण्याचे त्याच्याकडे कारण काय? ज्या न्यायालयांनी हे कारण खरोखर मागितले आणि पुराव्यावर घासून पाहिले, त्यांच्यापुढे नकाराला उभे राहणे अवघड गेले. जिथे तो टिकला, तिथे बहुधा कारण विचारले गेले नव्हते, किंवा ते कल्पनेत असू शकते एवढ्यावर भागवले गेले होते. आज मला एवढेच मांडायचे आहे. पण त्यासाठी खटल्यांच्या तपशिलात उतरावे लागेल, आणि ते तपशील मुख्यतः अमेरिकेतले आहेत.

तिथली पद्धत आधी लक्षात घेऊ. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याखाली लग्न आधी लागते आणि नोंदणी मागाहून होते. अमेरिकेत परवाना आधी लागतो. काउंटी हा आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. तिथला क्लार्क, जो अनेक राज्यांत निवडून आलेला अधिकारी असतो, तो बहुतेक ठिकाणी परवाना देतो. मग लग्न चर्चमध्ये लावा, न्यायाधीशापुढे लावा, की मित्रांच्या अंगणात. म्हणजे विवाहसंस्थेचे सरकारी दार क्लार्कच्या टेबलापाशी आहे, आणि म्हणूनच इतके खटले त्या टेबलापासून सुरू झाले. मे १९७० मध्ये जॅक बेकर आणि मायकेल मॅक्कॉनेल या दोन तरुणांनी मिनियापोलिसमध्ये हेनेपिन काउंटीच्या क्लार्ककडे अर्ज केला. क्लार्क जेराल्ड नेल्सन यांनी तो नाकारला. विशेष म्हणजे, विवाह स्त्री आणि पुरुषातच झाला पाहिजे असे मिनेसोटाच्या कायद्यात तेव्हा स्पष्ट शब्दांत कुठेच लिहिलेले नव्हते. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. तोंडी युक्तिवादाच्या वेळी न्यायमूर्तींनी एकही प्रश्न विचारला नाही. ऑक्टोबर १९७१ च्या छोटेखानी निकालपत्रात बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा दाखला देत विवाहाचे प्राचीनत्व सांगितले आणि अर्ज फेटाळला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील एका वाक्यात निकाली काढले: यात संघराज्याच्या दृष्टीने विचार करण्याजोगा महत्त्वाचा प्रश्नच नाही. पुढची चार दशके कनिष्ठ न्यायालयांत सरकारी वकील हे एक वाक्य पुढे करत राहिले.

त्या काळातली इतर प्रकरणेही याच वळणाची आहेत. केंटकीत दोन स्त्रियांचा अर्ज नाकारला गेला. १९७३ मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितले की त्यांना अडवणारा कायदा नाही, त्यांना जे हवे आहे ते मुळात विवाहच नाही. वॉशिंग्टन राज्यातला १९७४ चा निकालही जवळपास हाच. व्याख्या सांगणे म्हणजे कारण देणे नव्हे. ज्या नियमाला आव्हान दिले आहे तोच नियम उत्तर म्हणून परत वाचून दाखवला, तर आव्हान ऐकले गेले असे म्हणता येत नाही. आणि हे उत्तर पुरेसे नाही हे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाला ठाऊक होते. १९६७ मध्ये लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात त्याने गोरे-काळे विवाहबंदीचे कायदे रद्द केले होते. तिथेही खालच्या न्यायाधीशाचे म्हणणे व्याख्येसारखेच होते: देवाने ज्या अर्थी वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, त्या अर्थी त्यांनी मिसळू नये अशी त्याची इच्छा आहे. ती बंदी तेव्हा सोळा राज्यांत होती आणि वसाहतकाळापासून चालत आली होती. तरी सर्वोच्च न्यायालयाने जुनेपणावर समाधान मानले नाही. बंदीमागचा हेतू विचारला आणि तो वंशश्रेष्ठत्व टिकवण्याखेरीज दुसरा निघाला नाही. पाच वर्षांनी बेकर प्रकरणात तेवढाही प्रश्न विचारला गेला नाही.

तो पहिल्यांदा गांभीर्याने विचारला हवाईने. डिसेंबर १९९० मध्ये तीन जोडप्यांनी अर्ज केले आणि तिथल्या आरोग्य खात्याने त्यांना परवाने नाकारले. मे १९९३ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क जाहीर केला नाही, हे नीट ध्यानात घ्या. त्याने एवढेच म्हटले की हा लिंगावर आधारलेला भेद आहे, त्यामुळे तो का आवश्यक आहे हे सिद्ध करण्याचा भार शासनावर आहे. खटला परत खाली पाठवला आणि पुरावा घ्यायला सांगितले. १९९६ च्या सप्टेंबरात सुनावणी झाली. राज्याचे मुख्य कारण होते मुलांचे हित. त्यासाठी राज्याने तज्ज्ञ साक्षीदार आणले, आणि राज्याच्याच साक्षीदारांनी कबूल केले की समलिंगी जोडपी चांगले आईबाप असू शकतात. न्यायाधीश केव्हिन चँग यांनी डिसेंबरमध्ये राज्याविरुद्ध निकाल दिला. निकालाची अंमलबजावणी मात्र झाली नाही. १९९८ मध्ये हवाईच्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून हा विषय विधिमंडळाच्या हाती दिला. त्याआधीच, सुनावणी सुरू असताना, राजधानी वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ‘डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट’ करून टाकला होता. त्या कायद्याने केंद्रापुरता विवाह स्त्री-पुरुषाचाच मानला आणि इतर राज्यांतले समलिंगी विवाह न मानण्याची मोकळीक राज्यांना दिली. पुढे एकामागून एक राज्यांनी घटनादुरुस्त्या केल्या. न्यायालयात कारण हरले की ते मतपेटीत नेऊन वाचवायचे, ही रीत इथून पडली. खटल्यांनी चळवळीचे नुकसान केले असे म्हणणाऱ्यांच्या हाती हा भक्कम मुद्दा आहे. त्याकडे मी पुढे येतो.

मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २००३ मध्ये मुख्य न्यायमूर्ती मार्गारेट मार्शल यांच्या न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सरकारची तिन्ही कारणे तपासून नाकारली, आणि १७ मे २००४ पासून तिथे परवाने मिळू लागले. याच्या उलट उदाहरण न्यूयॉर्कचे आहे आणि ते लपवून चालणार नाही. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने नकार कायम ठेवला. स्त्री-पुरुषांच्या संबंधातून नकळत मुले होतात, म्हणून त्यांना विवाहाकडे वळवण्याची अधिक गरज आहे असे विधिमंडळाला वाटू शकते, हे त्याचे म्हणणे. ‘वाटू शकते’ यावर बोट ठेवायला हवे. विधिमंडळाला तसे वाटले होते का, ते खरे आहे का, आणि एकाला वळवण्यासाठी दुसऱ्याला का अडवावे, यावर साक्षीपुरावा झालाच नाही. २०११ मध्ये त्याच न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने स्वतःच कायदा बदलला.

पुराव्याची खरी कसोटी कॅलिफोर्नियात लागली. राज्याच्या न्यायालयाने मे २००८ मध्ये दिलेला विवाहाचा हक्क मतदारांनी नोव्हेंबरमध्ये ‘प्रपोझिशन ८’ मंजूर करून काढून घेतला. त्यानंतर अलामेडा आणि लॉस एंजेलिस काउंटीत परवाना नाकारल्या गेलेल्या दोन जोडप्यांनी संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. न्यायाधीश व्हॉन वॉकर यांनी केवळ कागदांवर निकाल न देता जानेवारी २०१० मध्ये पूर्ण सुनावणी घेतली: साक्षीदार, उलटतपासणी, इतिहासकार, मानसशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ सगळे. त्याआधीच्या एका सुनावणीत त्यांनी बंदीच्या बाजूचे वकील चार्ल्स कूपर यांना विचारले होते की समलिंगी विवाहाने स्त्री-पुरुषांच्या विवाहाचे नुकसान नेमके कसे होईल. उत्तर आले, मला माहीत नाही. सुनावणीत बंदीच्या बाजूने फक्त दोन साक्षीदार उभे राहिले. त्यांतले डेव्हिड ब्लँकनहॉर्न विवाह आणि पितृत्वावर लिहिणारे अभ्यासक होते. त्यांनी उलटतपासणीत मान्य केले की असे विवाह होऊ दिले तर त्या जोडप्यांचे आणि त्यांच्या मुलांचे बहुधा भलेच होईल. दोन वर्षांनी त्यांनी आपली भूमिका जाहीरपणे बदलली. एखादे मत सभेत मांडणे वेगळे आणि शपथेवर, समोर प्रश्न विचारणारा वकील असताना मांडणे वेगळे. प्रचारात जी विधाने लाखो घरांत पोचवली गेली होती, ती साक्षीच्या पिंजऱ्यात उच्चारायला कोणी पुढे आले नाही. ऑगस्टमध्ये वॉकर यांनी बंदी घटनाबाह्य ठरवली. वरच्या न्यायालयांत प्रकरण अपील करण्याच्या अधिकारावर अडले आणि २६ जून २०१३ ला वॉकर यांचाच निकाल कायम राहिला.

कारणे किती विरळ झाली होती हे पाहायचे तर शिकागोच्या अपिली न्यायालयातले २०१४ चे प्रकरण पाहावे. इंडियाना राज्याने तेच न्यूयॉर्कचे कारण पुढे केले: विवाह ही नकळत होणाऱ्या मुलांसाठीची व्यवस्था आहे आणि समलिंगी जोडप्यांना नकळत मुले होत नाहीत. न्यायाधीश रिचर्ड पॉझ्नर हे रेगन यांनी नेमलेले, अर्थशास्त्रीय विचाराचे न्यायाधीश. त्यांना कोणी भावनाप्रधान म्हणणार नाही. त्यांनी इंडियानाचाच कायदा काढून दाखवला. सख्ख्या चुलत-मावस भावंडांना तिथे लग्नाची बंदी आहे, पण दोघांनी वयाची ६५ वर्षे ओलांडली की मुभा आहे. म्हणजे मूल होणार नाही याची खात्री झाल्यावरच परवाना! जे राज्य मूल न होण्याच्या अटीवर काहींना परवाना देते, तेच राज्य मूल होत नाही म्हणून इतरांना नाकारते. शिवाय त्या राज्यात समलिंगी जोडप्यांनी दत्तक घेतलेली मुले होती. मुलांचे हित हा खरा हेतू असता तर त्या मुलांच्या आईबापांना विवाह नाकारण्याने तो साधत नव्हता, बिघडत होता.

परवाना किंवा मान्यता नसली की काय घडते हे दोन कागदांवरून कळते. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर यांची जोडीदार २००९ मध्ये वारली. टोरांटोत त्यांचे रीतसर लग्न झाले होते, पण केंद्र ते मानत नसल्याने वारस म्हणून त्यांना ३,६३,०५३ डॉलर कर भरावा लागला. ओहायोचे जिम ओबर्गफेल यांनी मरणासन्न जोडीदाराला वैद्यकीय विमानाने मेरीलँडला नेऊन विमानतळाच्या धावपट्टीवरच लग्न केले, कारण ओहायो परवाना देत नव्हते. आणि परत आल्यावर मृत्यूच्या दाखल्यात ‘अविवाहित’ लिहिले जाणार होते. विंडसर यांचा खटला २०१३ मध्ये आणि ओबर्गफेल यांचा २६ जून २०१५ ला जिंकला गेला. दुसऱ्या निकालाने सर्व पन्नास राज्यांत परवाने खुले झाले. न्यायमूर्ती केनेडी यांचे ते निकालपत्र फार वाचले गेले. तरीही मला ते अपुरे वाटते. त्यात प्रतिष्ठा, एकटेपणा, सहजीवन यांविषयी खूप आहे, आणि राज्यांच्या कारणांचे जे परीक्षण वॉकर आणि पॉझ्नर यांनी केले ते त्या मानाने थोडे आहे. २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क काढून घेताना न्यायमूर्ती थॉमस यांनी स्वतंत्र मतपत्रात ओबर्गफेलचाही फेरविचार व्हावा असे लिहिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसने कायदा केला, पण त्यात राज्यांवर एका राज्यात झालेला विवाह दुसऱ्याने मानावा एवढीच सक्ती आहे. परवाना देण्याची सक्ती अजूनही केवळ २०१५ च्या निकालावर उभी आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत गंभीर आक्षेप ओबर्गफेल खटल्यातल्या मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांच्या भिन्नमतात आहे: हे ठरवायचे कोणी? पाच न्यायाधीशांनी की लोकांनी? आयर्लंडने मे २०१५ मध्ये सार्वमत घेऊन ६२ टक्के मतांनी घटना बदलली. तसे व्हावे, असे अनेक सुजाण माणसांना वाटते. मलाही तो मार्ग अधिक सुखाचा वाटतो. पण आयर्लंडमध्येही आधी एक जोडपे २००६ मध्ये खटला हरले होते आणि त्या हरण्यातून प्रश्न घराघरांत गेला होता. खटला आणि लोकमत हे दोन वेगळे रस्ते नाहीत. आणि अल्पसंख्येच्या हक्कासाठी बहुमताची वाट पाहायची तर किती? लव्हिंग निकालाच्या पुढच्या वर्षी, १९६८ मध्ये, गॅलपच्या पाहणीत गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला फक्त वीस टक्के अमेरिकनांची संमती होती. बहुमत व्हायला १९९०चे दशक सरत आले. आपल्याकडेही वेगळे घडले नाही. विठ्ठलभाई पटेलांनी आंतरजातीय हिंदू विवाह वैध करण्यासाठी १९१८ मध्ये मांडलेले विधेयक विरोधामुळे मंजूर झाले नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अशा विवाहांचा कायदा करून टाकला. देशभर ते वैध ठरवणारा कायदा यायला १९४९ उजाडले. मधल्या तीस वर्षांत ज्यांना विवाह करायचा होता त्यांचे आयुष्य लोकमतासाठी थांबणार नव्हते. हवाईनंतरची प्रतिक्रिया खरी होती, तिची किंमतही खरी होती. पण तो दोष हक्क मागणाऱ्यांच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही.

दुसरा आक्षेप सदसद्विवेकाचा. केंटकीतल्या रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी २०१५ च्या निकालानंतर धर्मश्रद्धेपोटी परवाने देणेच बंद केले. न्यायालयाचा आदेश मोडल्याबद्दल सप्टेंबरमध्ये त्या पाच दिवस तुरुंगात होत्या. त्यांच्या श्रद्धेविषयी मला अनादर नाही. परंतु परवाना त्या व्यक्ती म्हणून देत नव्हत्या. काउंटी देत होती. याच न्यायाने २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी कायद्याविरुद्ध स्वतःच्या अधिकारात दिलेले सुमारे चार हजार परवाने कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने रद्द केले होते. मला त्या जोडप्यांविषयी सहानुभूती आहे, आणि तरी तो निकाल बरोबर होता. अधिकाऱ्याने स्वतःच्या मताने दार उघडायचे नाही आणि बंदही करायचे नाही. केंटकीने पुढच्या वर्षी परवान्याच्या नमुन्यातून क्लार्कचे नाव काढून टाकले, आणि श्रद्धा व सेवा दोन्हींना जागा झाली. चर्चवर तर कधीच सक्ती नव्हती.

आपल्या देशाकडे येतो. आपल्याकडे अमेरिकी परवान्याच्या सर्वांत जवळ जाणारी पद्धत म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा: विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, तीस दिवसांची मुदत, हरकती. दिल्लीत विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीतून परत पाठवलेले एक जोडपे २०२० मध्ये उच्च न्यायालयात गेले; अशा याचिका एकत्र होऊन सुप्रियो विरुद्ध भारत सरकार हा खटला घटनापीठापुढे आला आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल लागला. विवाहाचा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा बदलून वाचता येणार नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. सहजीवनाला कायदेशीर मान्यता देण्यावर तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल अल्पमतात राहिले. न्यायालयाची अडचण मी समजू शकतो. त्या कायद्यात पुरुषाचे वय २१, स्त्रीचे १८, शिवाय वारसा, पोटगी अशा कितीतरी तरतुदी गुंतल्या आहेत, आणि त्या सगळ्या न्यायालयाने बसून लिहायच्या का, हा प्रश्न पोकळ नाही. दक्षिण आफ्रिकेच्या आणि तैवानच्या न्यायालयांनी यावर तोड काढली होती: नकार घटनाबाह्य ठरवला आणि कायदा लिहायला विधिमंडळाला मुदत दिली. तो मार्ग आपल्याकडे घेतला गेला नाही.

माझी खरी तक्रार त्याआधीची आहे. केंद्राने प्रतिज्ञापत्रात म्हटले की या याचिका शहरी उच्चभ्रूंचे विचार मांडतात. सरन्यायाधीशांनी सुनावणीतच सांगितले की याला सरकारकडे कसलीही आकडेवारी नाही. दत्तकाच्या बाबतीत त्यांनी लिहिले की फक्त विवाहित स्त्री-पुरुषच मुलाला स्थैर्य देऊ शकतात हे दाखवणारी सामग्री रेकॉर्डवर नाही. बहुमतानेही मान्य केले की भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन अशा लाभांपासून ही जोडपी वंचित राहतात आणि शासनाने त्याकडे पाहिले पाहिजे. म्हणजे हानी मान्य झाली आणि नकाराला पुराव्याचा आधार मागितला गेला नाही, तरी नकार उभा राहिला. साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही. अमेरिकेत ज्या टप्प्यावर प्रश्न पालटला, तो टप्पा आपण ओलांडलेलाच नाही. निकालानुसार कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. संयुक्त बँक खात्याला आडकाठी नाही असे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये कळवले. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

प्रश्न आता संसदेकडे आहे, असे न्यायालयाने सांगितले आहे. तर मग संसदेने समिती बसवावी, दोन्ही बाजूंचे साक्षीदार बोलवावेत, मुलांविषयी, कुटुंबांविषयी जे जे सांगितले जाते त्याचा पुरावा मागावा आणि जे ठरेल ते कारणांसह छापावे. ज्यांना हे विवाह मान्य नाहीत त्यांनीही ही मागणी करायला हरकत नसावी; त्यांचे कारण सबळ असेल तर ते तिथे टिकेल. महाराष्ट्रातून ४८ खासदार लोकसभेवर जातात. या सभागृहातल्या प्रत्येकाने आपल्या खासदाराला एक पत्र लिहून विचारावे की या जोडप्यांना विवाह नाकारण्याचे सरकारचे कारण काय आहे, आणि उत्तर लेखी मागावे, एवढी माझी विनंती आहे.